पाच मतांचा हट्ट : आमदार लिंकन आणि १८५५ ची सिनेट निवडणूक

सांगवीकर (धागाकर्ता)

अब्राहम लिंकन यांच्याविषयी मराठीत जे वाचायला मिळते ते बहुधा लाकडी झोपडीतून निघते आणि थेट व्हाइट हाऊसमध्ये पोचते. मधल्या काळात ते आठ वर्षे इलिनॉय राज्याच्या विधिमंडळात आमदार होते, खासदारकीच्या उमेदवारीसाठी स्वतःच्याच मित्रांशी त्यांची चुरस झाली, एकदा खासदार होऊन ते पुन्हा वकिलीकडे वळले आणि सिनेटच्या जागेसाठी दोनदा प्रयत्न करून दोन्ही वेळा हरले, हा सगळा भाग एका परिच्छेदात उरकला जातो. तोही जिद्दीच्या सुभाषिताला दाखला म्हणून. मला हा मधला भागच सर्वांत महत्त्वाचा वाटतो. १८६० साली त्यांच्या पदरात जे अध्यक्षपद पडले त्याची पायाभरणी १८५५ च्या फेब्रुवारीत, स्प्रिंगफील्डच्या विधिमंडळात एका दुपारी झालेल्या पराभवात झाली, असे माझे मत आहे. ते तपासून पाहण्यासाठी हा धागा.

त्यांनी पहिली निवडणूक १८३२ मध्ये, वयाच्या तेविसाव्या वर्षी लढवली. न्यू सेलम या वाडीवजा गावात येऊन त्यांना जेमतेम वर्ष झाले होते, आणि उमेदवारी जाहीर केल्यावर थोड्याच दिवसांत ते मूळ अमेरिकी टोळ्यांविरुद्धच्या ब्लॅक हॉक युद्धासाठी स्वयंसेवकांच्या तुकडीत गेल्यामुळे मतदारसंघ फिरायला वेळच उरला नाही. तेरा उमेदवारांत ते आठवे आले. मात्र स्वतःच्या गावच्या केंद्रावर पडलेल्या ३०० मतांपैकी २७७ मते त्यांना मिळाली होती, आणि हा आकडा जिल्ह्यातील जाणत्यांच्या नजरेतून सुटला नाही. १८३४ मध्ये ते निवडून आले. राजधानी तेव्हा व्हँडेलियाला होती. तेथे जाण्यापूर्वी त्यांनी एका परिचिताकडून २०० डॉलर उसने घेतले आणि त्यातून अंगावर घालण्याजोगा सूट शिवून घेतला. पुढे १८३६, १८३८ आणि १८४० अशा आणखी तीन निवडणुका त्यांनी जिंकल्या, व्हिग पक्षाच्या (डेमोक्रॅटांच्या तेव्हाच्या प्रमुख प्रतिस्पर्धी पक्षाच्या) आमदारांचे सभागृहातील नेतृत्व केले आणि सभापतिपदासाठी दोनदा उभे राहून दोन्ही वेळा पराभव पत्करला.

आमदार म्हणून त्यांची सर्वांत मोठी कामगिरी म्हणजे राजधानी व्हँडेलियाहून स्प्रिंगफील्डला आणणे. त्यांच्या सँगमन काउंटीचे (जिल्ह्याचे) दोन्ही सभागृहांत मिळून नऊ सदस्य होते; हे नऊही जण चांगलेच उंच होते आणि त्यांच्या उंचीची बेरीज ५४ फूट भरत असे, म्हणून त्यांना ‘लाँग नाइन’ म्हणत. २८ फेब्रुवारी १८३७ रोजी चौथ्या फेरीत स्प्रिंगफील्डच्या बाजूने बहुमत झाले. कोणत्या आमदाराला कोणता कालवा हवा आहे, कोणाला रेल्वेचा फाटा हवा आहे आणि त्या बदल्यात त्याचे मत कोठे वळेल याचा हिशेब ठेवणे हे काम लिंकन तेथे शिकले. त्याच अधिवेशनात गुलामगिरीचे समर्थन करणाऱ्या ठरावांविरुद्ध त्यांनी डॅन स्टोन या सहकाऱ्यासह लेखी निषेध नोंदवला. गुलामगिरी ही अन्यायावर आणि वाईट धोरणावर उभी आहे असे त्यात म्हटले होते, पण केवळ मुक्तीची चळवळ करून तिचे दुष्परिणाम वाढतात असेही त्यात होते. राजधानीचा प्रश्न निकालात निघाल्यानंतरच त्यांनी हा निषेध नोंदवला, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

खासदारकीचा भाग थोडक्यात सांगतो. १८४३ मध्ये त्यांना व्हिग पक्षाची उमेदवारी हवी होती, पण सँगमनच्या कार्यकर्त्यांनी एडवर्ड बेकर यांना पसंती दिली आणि वर बेकर यांचे काम करण्यासाठी लिंकन यांनाच प्रतिनिधी म्हणून पक्षाच्या मतदारसंघ-अधिवेशनात धाडले. जिच्याशी आपले लग्न व्हायचे तिच्याच लग्नात नवऱ्यामुलाचा करवला होण्यासारखे हे आहे, अशी तक्रार त्यांनी जोशुआ स्पीड या मित्राला लिहिलेल्या पत्रात केली. अखेर पाळीपाळीने हार्डिन, बेकर आणि मग लिंकन असे तिघे खासदार झाले. १८४६ मध्ये लिंकन निवडून आले, मेक्सिको युद्धावर त्यांनी अध्यक्ष पोक यांना अडचणीचे प्रश्न विचारले, एक मुदत संपवली आणि १८४९ मध्ये घरी परतले. सरकारी जमिनींच्या कार्यालयाचे आयुक्तपद मागितले, तेही दुसऱ्याला गेले.

नंतर १८५४ साल उजाडले. सिनेटर स्टीफन डग्लस यांनी कॅन्सस-नेब्रास्का कायदा संमत करून घेतला, त्यामुळे उत्तरेकडील ज्या प्रदेशात १८२० पासून गुलामगिरीला बंदी होती तो प्रदेश तिला खुला झाला. इलिनॉयमध्ये डेमोक्रॅटिक पक्ष दुभंगला. नोव्हेंबरच्या निवडणुकीत या कायद्याच्या विरोधकांना विधिमंडळात निसटते बहुमत मिळाले, आणि डेमोक्रॅटिक सिनेटर जेम्स शील्ड्स यांची जागा भरायची होती. लिंकन त्याच निवडणुकीत पुन्हा आमदार झाले होते. परंतु राज्यघटनेनुसार आमदाराला आपल्या मुदतीत सिनेटवर निवडून जाता येत नसे, म्हणून निकालानंतर काही आठवड्यांतच त्यांनी राजीनामा दिला. पोटनिवडणुकीत गाफील राहिलेल्या व्हिग पक्षाने ती हक्काची जागा डेमोक्रॅटांना गमावली. जेथे एकेका मताची चणचण होती तेथे आरंभालाच एक मत उणे झाले.

त्यांच्या हातची एक यादी जपून ठेवलेली आहे. विधिमंडळाच्या सर्व सदस्यांची नावे, जिल्हे आणि प्रत्येकापुढे त्याचा पक्ष, असे त्यांनी स्वतः लिहून काढले होते. तीच यादी समोर ठेवून ते डिसेंबरभर पत्रे लिहीत होते : अमुक आमदार तुमच्या ओळखीचा आहे, त्याच्याकडे शब्द टाका, तमुकाचा कल कोणीकडे आहे ते कळवा. जानेवारीअखेरीस हिमवादळाने रेल्वेगाड्या अडकल्या, गणसंख्या भरेना, आणि मतदान लांबून ८ फेब्रुवारीवर गेले.

पहिल्या फेरीत लिंकन यांना ४४, शील्ड्स यांना ४१ आणि लायमन ट्रम्बुल यांना ५ मते मिळाली. उरलेली इतरांत विखुरली. ट्रम्बुल हे नेब्रास्का-विरोधी डेमोक्रॅट होते. त्यांचे पाच जण, म्हणजे नॉर्मन जड, जॉन पामर, बर्टन कुक आणि मॅडिसन काउंटीचे दोन आमदार, यांचे लिंकन यांच्याशी वैर नव्हते. आपण डेमोक्रॅट म्हणून निवडून आलो आहोत, व्हिग उमेदवाराला मत दिले तर मतदारांना तोंड कसे दाखवायचे, एवढाच त्यांचा मुद्दा होता, आणि त्यावरून ते तसूभर हलले नाहीत. फेऱ्यांमागून फेऱ्या झाल्या आणि लिंकन यांची मते झिरपत गेली. सातव्या फेरीच्या सुमारास डेमोक्रॅटांनी शील्ड्स यांना सोडून अचानक गव्हर्नर जोएल मॅटिसन यांच्या पारड्यात मते टाकली. मॅटिसन यांनी नेब्रास्का कायद्याबाबत उघड भूमिका घेतलेली नव्हती, त्यामुळे दोन्हीकडचे कुंपणावरचे आमदार त्यांना चालणार होते. नवव्या फेरीत मॅटिसन ४७, ट्रम्बुल ३५ आणि लिंकन १५ अशी स्थिती झाली.

त्या वेळी लिंकन यांनी जोसेफ गिलेस्पी आणि स्टीफन लोगन या आपल्या माणसांना सांगितले की उरलेली मते ट्रम्बुल यांना द्या, नाहीतर ट्रम्बुलही जातील आणि मीही. दहाव्या फेरीत ट्रम्बुल ५१ मते घेऊन निवडून आले, मॅटिसन ४७ वरच थांबले. दुसऱ्या दिवशी खासदार एलिहू वॉशबर्न यांना लिहिलेल्या पत्रात लिंकन यांनी सगळा हिशेब मांडला. आपल्या पराभवाचे आपल्याला बेताचेच दुःख आहे आणि मॅटिसन यांच्या पराभवाने त्या दुःखापेक्षा अधिक सुख मिळाले, असे त्यात आहे.

आता माझा मुद्दा. ४४ मतांच्या धन्याने ५ मतांच्या उमेदवाराला जागा सोडली, आणि त्या पाचांवर डूख धरला नाही. पुढच्या पाच वर्षांत हेच पाच जण आणि ट्रम्बुल त्यांच्यासाठी राबले. लिंकन यांच्या वक्तृत्वाइतकेच, किंबहुना काकणभर अधिक, या हिशेबाने त्यांना वर नेले असे मला वाटते. जाणकारांनी लिहावे.

चांदणवेल

लेख आवडला. एक प्राथमिक शंका आहे. सिनेटर आमदार निवडत असत, म्हणजे आपल्या राज्यसभेसारखेच ना? मग दहा-दहा फेऱ्या कशा काय होतात?

सांगवीकर

अप्रत्यक्ष निवडणूक एवढे साम्य आहे. १९१३ च्या सतराव्या घटनादुरुस्तीपर्यंत अमेरिकेत सिनेटर राज्यांची विधिमंडळे निवडत. राज्यसभेसाठी आमदार एकाच मतपत्रिकेवर पसंतीक्रम लिहितो आणि पुढची मोजणी त्यावरून होते. मधे मन बदलण्याची सोय नसते. इलिनॉयमध्ये दोन्ही सभागृहे एकत्र बसत, नावे पुकारली जात आणि प्रत्येक जण उभा राहून आपल्या उमेदवाराचे नाव मोठ्याने सांगे. कोणालाच निम्म्याहून अधिक मते मिळाली नाहीत तर पुन्हा पहिल्यापासून. त्यामुळे दोन फेऱ्यांच्या मधल्या वेळात सगळे राजकारण घडे, आणि कोण कोठे सरकला हे गॅलरीतल्या माणसालाही कळे.

उलटतपासणी

लेखातील तपशिलांबद्दल वाद नाही. निष्कर्षाबद्दल आहे, आणि तो मी जरा सविस्तर मांडतो.

पहिली गोष्ट म्हणजे ‘जागा सोडली’ हा शब्दप्रयोग मला उदार वाटतो. नवव्या फेरीअखेर लिंकन यांच्याकडे १५ मते उरली होती. १५ मतांचा उमेदवार काय सोडणार? पाच जण हलणार नाहीत हे दुसऱ्या-तिसऱ्या फेरीलाच स्पष्ट झाले होते. तेव्हाच, हाती चाळीसच्या वर मते असताना, त्यांनी ट्रम्बुल यांना पाठिंबा दिला असता तर ते औदार्य ठरले असते. प्रत्यक्षात त्यांनी गळती लागेपर्यंत वाट पाहिली आणि मॅटिसन यांची उडी दिसल्यावर नाइलाजाने निर्णय घेतला. तो निर्णय शहाणपणाचा होता, यात शंका नाही. गणित जाणणाऱ्या माणसाने केलेली ती वजाबाकी होती.

दुसरी गोष्ट, आधी आमदारकी लढवायची, जिंकायची आणि नंतर घटनेतील अट पुढे करून राजीनामा द्यायचा, हा प्रकार मला गलथान वाटतो. घटना १८४८ ची होती आणि लिंकन व्यवसायाने वकील होते. नेब्रास्का-विरोधी उमेदवारांच्या यादीला वजन यावे म्हणून त्यांनी नाव दिले, सिनेटचा विचार नंतर बळावला, असे त्यांचे समर्थक म्हणतात. ते मान्य केले तरी रिकामी जागा राखण्याची व्यवस्था करणे त्यांच्याच हिताचे होते.

तिसरी गोष्ट आमदारकीच्या कारकिर्दीची. राजधानी हलवण्याचे श्रेय दिलेत, पण त्याच अधिवेशनात संमत झालेल्या सार्वजनिक बांधकामांच्या कायद्याचा उल्लेख केवळ कालवे आणि फाटे एवढ्यावर भागवलात. सुमारे एक कोटी डॉलरचा तो कार्यक्रम होता. रेल्वे, नद्यांची सुधारणा, रस्ते, आणि ज्या काउंटींच्या वाट्याला काहीच आले नाही त्यांना रोख रक्कम. त्याच वर्षी आर्थिक मंदी आली. काही वर्षांत राज्याला कर्जाचे व्याजही भरता येईना आणि कागदावरच्या एवढ्या मोठ्या जाळ्यापैकी थोडासा रेल्वेमार्ग तेवढा उभा राहिला. कामे अंगाशी येत आहेत हे दिसू लागल्यावरही ती चालू ठेवण्याच्या बाजूने लिंकन मत देत राहिले. सँगमनच्या नऊ जणांनी राजधानीच्या मोबदल्यात या योजनांना मते विकली, हा आरोप त्यांच्या विरोधकांनी तेव्हाच केला होता; तो तसाच्या तसा खरा आहे काय यावर इतिहासकारांत एकमत नाही, पण योजनेचे ते मनापासून पुरस्कर्ते होते हे निर्विवाद आहे.

शेवटी १८६० मधील अध्यक्षपदाबद्दल. फेब्रुवारीतले न्यूयॉर्कच्या कूपर युनियनमधील भाषण, उमेदवार ठरवणारे पक्षाचे अधिवेशन शिकागोला भरणे, उमेदवारीच्या शर्यतीत आघाडीवर असलेले न्यूयॉर्कचे सूअर्ड फार जहाल आहेत अशी पेनसिल्व्हेनिया आणि इंडियानामधील धास्ती, आणि डेमोक्रॅटांचे दुभंगणे ही कारणे पाच आमदारांच्या कृतज्ञतेपेक्षा कितीतरी मोठी आहेत.

कावेरी

उलटतपासणी यांच्या पहिल्या मुद्द्याशी मी सहमत आहे, पण दुसऱ्या पराभवाला बाजूला ठेवून हे गणित पुरे होत नाही, म्हणून १८५८ विषयी लिहिते.

१६ जून १८५८ रोजी रिपब्लिकन पक्षाच्या राज्य अधिवेशनाने लिंकन हेच सिनेटसाठी आपले पहिले आणि एकमेव उमेदवार असल्याचा ठराव केला. सिनेटर आमदार निवडणार असताना उमेदवाराचे नाव निवडणुकीआधी असे जाहीर करणे त्या काळी अगदी विरळा होते. मला यात १८५५ ची पोळलेली जीभ दिसते : ऐन वेळी दुसरे नाव पुढे येऊ नये, म्हणून आधीच दार लावून घेतले. शिवाय पूर्वेकडील काही रिपब्लिकन पुढाऱ्यांना डग्लस यांनाच निवडून द्यावे असे वाटत होते, कारण डग्लस यांचे अध्यक्ष ब्युकॅनन यांच्याशी बिनसले होते. तेही या ठरावाने थोपवले गेले.

ऑगस्ट ते ऑक्टोबर या काळात ओटावा, फ्रीपोर्ट, जोन्सबरो, चार्ल्सटन, गेल्सबर्ग, क्विन्सी आणि ऑल्टन येथे सात जाहीर वादसभा झाल्या. एकाने तासभर बोलायचे, दुसऱ्याने दीड तास, मग पहिल्याने अर्धा तास उत्तर द्यायचे. या सभांचे गुणगान पुष्कळ झाले आहे. मतदार प्रत्यक्षात लिंकन किंवा डग्लस यांना मत देणारच नव्हते, आपापल्या आमदाराला देणार होते, ही गोष्ट मात्र त्यात हरवते. राज्य खजिनदारपदासाठी त्याच दिवशी राज्यभर मतदान झाले, त्यात रिपब्लिकन उमेदवार सुमारे चार हजार मतांनी पुढे होता. तरीही जानेवारी १८५९ मध्ये विधिमंडळाने डग्लस यांना ५४ विरुद्ध ४६ मतांनी निवडले. कारण मतदारसंघांची आखणी १८५० च्या जनगणनेवर झालेली होती; त्यानंतर झपाट्याने वाढलेल्या उत्तर भागाला, जो रिपब्लिकन होता, त्याच्या लोकसंख्येच्या मानाने जागा कमी होत्या. त्यातच राज्याच्या सिनेटमधील २५ पैकी १३ सदस्य जुनेच होते, त्यांची निवडणूक त्या वर्षी नव्हतीच, आणि त्यांतील आठ डेमोक्रॅट होते. म्हणजे पहिले मत पडण्यापूर्वीच डग्लस यांच्याकडे आघाडी होती.

आणखी एक गोष्ट लिहिल्याशिवाय राहवत नाही. चार्ल्सटनच्या सभेत, दक्षिणेकडून आलेल्या लोकांची वस्ती असलेल्या भागात, लिंकन यांनी काळ्या लोकांना मताधिकार, ज्युरीत स्थान किंवा गोऱ्यांशी विवाहाचा हक्क देण्याच्या बाजूने आपण नाही असे स्वच्छ शब्दांत सांगितले. गुलामगिरीला विरोध आणि समतेला नकार हे दोन्ही त्या प्रचारात शेजारी शेजारी होते. मतांचा हिशेब ठेवणाऱ्या राजकारण्याचे कौतुक करताना हा हिशेबही त्याच वहीत होता हे विसरू नये.

पैलतीर

मी इलिनॉयमध्ये राहतो आणि या दोन्ही इमारती पाहिल्या आहेत, म्हणून थोडी भर घालतो. व्हँडेलियाचे जुने विधानभवन अजून उभे आहे. विटांची, पांढऱ्या रंगाने रंगवलेली दुमजली इमारत आहे आणि जुना राष्ट्रीय महामार्ग तिच्याजवळून जातो. राजधानी हातची जाऊ नये म्हणून व्हँडेलियाच्या लोकांनी १८३६ मध्ये घाईघाईने ती बांधली. लिंकन आणि मंडळींनी त्याच नव्या इमारतीत बसून राजधानी स्प्रिंगफील्डला हलवण्याचा ठराव संमत केला. गावकऱ्यांच्या पाहुणचाराची अशी परतफेड क्वचितच कोणी केली असेल.

स्प्रिंगफील्डचे जुने विधानभवन १९६० च्या दशकात दगड न् दगड उतरवून पुन्हा उभारले गेले आहे. प्रतिनिधींचे सभागृह अर्धवर्तुळाकार मांडणीचे आहे आणि वर गॅलरी आहे. १८५५ ची दुपार येथलीच, १८५८ चे ‘दुभंगलेले घर’ हे भाषण येथलेच, आणि मे १८६५ मध्ये त्यांचे पार्थिव अंत्यदर्शनासाठी ठेवले तेही येथेच.

जोसेफ गिलेस्पी यांचे नाव लेखात आले आहे, त्यांचा लिंकन यांच्याबरोबरचा एक जुना प्रसंग सांगण्यासारखा आहे. डिसेंबर १८४० मध्ये हे विधानभवन पुरे झालेले नसल्याने सभागृह एका चर्चमध्ये भरत होते. विशेष अधिवेशन संस्थगित झाले की राज्याच्या बँकेला नोटांच्या बदल्यात नाणी देणे भाग पडणार होते आणि बँक बुडण्याची भीती होती. अधिवेशन संपू नये म्हणून व्हिग सदस्यांनी गैरहजर राहून गणसंख्या मोडायचे ठरवले. काय चालले आहे ते पाहण्यापुरते लिंकन, गिलेस्पी आणि आणखी एखाद-दुसरा मागे थांबले. तेवढ्यात डेमोक्रॅटांनी आजारी सदस्यांनाही उठवून आणून गणसंख्या जमवली आणि दारे बंद करवली. लिंकन यांनी खिडकीतून बाहेर उडी मारली, मागोमाग गिलेस्पीही. पण त्यांची हजेरी आधीच लागलेली असल्याने उडी फुकट गेली. लिंकन यांचे पाय जमिनीला आधीच टेकले असणार, अशी टिंगल विरोधी वृत्तपत्रांनी केली. त्यांना या प्रसंगाची आठवण काढलेली पुढे कधी आवडत नसे. पंधरा वर्षांनी हेच गिलेस्पी मते कोठे वळवू हे विचारायला त्यांच्यापाशी आले होते.

जुनी वही

मंडळी, त्या लहानशा गावातले नातेसंबंधही पाहा. ज्यांची जागा लिंकन यांना हवी होती त्या शील्ड्स यांच्याशी त्यांचे १८४२ मध्ये द्वंद्वयुद्ध ठरले होते. शील्ड्स तेव्हा राज्याचे लेखापरीक्षक होते आणि वृत्तपत्रात त्यांची खिल्ली उडवणारी निनावी पत्रे छापून आली होती. त्यांतले एक लिंकन यांचे, तर काही मजकूर मेरी टॉड आणि तिची मैत्रीण ज्युलिया जेन यांचा. आव्हान मिळालेल्याला शस्त्र निवडण्याचा हक्क असे, म्हणून लांब हातांच्या लिंकन यांनी घोडदळाच्या जड तलवारी निवडल्या. मिसिसिपी नदीतील बेटावर दोघे पोचल्यावर मित्रांनी समेट घडवला. त्याच वर्षी मेरी आणि लिंकन यांचे लग्न झाले आणि ज्युलिया पाठराखीण होती. हीच ज्युलिया पुढे लायमन ट्रम्बुल यांची पत्नी झाली. १८५५ नंतर मेरीबाईंनी तिच्याशी बोलणे टाकले. लिंकन मात्र मतदानाच्या संध्याकाळच्या मेजवानीला गेले आणि ट्रम्बुल यांचा हात हातात घेऊन त्यांनी अभिनंदन केले.

सांगवीकर

सर्वांचे आभार. उलटतपासणी यांना उत्तर देतो.

नवव्या फेरीला लिंकन यांच्यासमोर फारसे पर्याय नव्हते हे खरेच आहे. तरी एक पर्याय होता आणि त्यांच्या निष्ठावंतांचा त्यावर भर होता : शेवटपर्यंत आपल्याच नावावर अडून राहणे आणि होईल ते होऊ देणे. चाळिसाहून अधिक मतांचा गट पाच जणांपुढे वाकतो ही गोष्ट लिंकन यांचे स्नेही न्यायाधीश डेव्हिड डेव्हिस यांना इतकी झोंबली की मी तेथे असतो तर हे घडू दिले नसते असा त्यांचा सूर होता. औदार्य हा शब्द मी वापरलेला नाही आणि वापरणारही नाही. माझा भर मतदानानंतरच्या वर्तनावर आहे. पराभूत उमेदवाराने ज्यांच्यामुळे पराभव झाला त्यांच्याशी संबंध राखणे, ही गोष्ट गणितात बसत असली तरी ती प्रत्यक्षात साधणारे थोडे असतात.

मे १८५६ मध्ये ब्लूमिंग्टनला नेब्रास्का-विरोधकांचे अधिवेशन भरले, त्यातून इलिनॉयमध्ये रिपब्लिकन पक्ष आकाराला आला. अध्यक्षस्थानी होते जॉन पामर, पाचांपैकी एक. १८५८ मध्ये पक्षाच्या राज्य समितीचे प्रमुख होते नॉर्मन जड, तेही पाचांपैकी. डग्लस यांना वादसभांचे आव्हान देणारे पत्र लिंकन यांनी त्यांच्याच हाती पाठवले. ट्रम्बुल यांनी त्या वर्षी लिंकन यांच्यासाठी राज्यभर भाषणे केली. १८५९ मध्ये पक्षातील जड यांच्या प्रतिस्पर्ध्यांनी १८५५ च्या दग्याचे जुने मढे उकरून काढले, तेव्हा जड यांच्या बाजूने लेखी निर्वाळा दिला तो खुद्द लिंकन यांनी.

त्यानंतर आले शिकागो. राष्ट्रीय अधिवेशन तेथे भरवावे यासाठी राष्ट्रीय समितीत जड यांनी खटपट केली. इलिनॉयचा कोणी दखलपात्र इच्छुक नाही, म्हणून ही जागा तटस्थ आहे, असा त्यांचा युक्तिवाद होता. प्रतिनिधींची बैठकव्यवस्थाही त्यांच्याकडे होती, आणि सूअर्ड यांच्या न्यूयॉर्कला कुंपणावरच्या पेनसिल्व्हेनियापासून दूर बसवले गेले असे सांगतात. १८ मे १८६० रोजी लिंकन यांचे नाव सुचवायला उभे राहिले तेही जड. पहिल्या फेरीत सूअर्ड १७३॥ आणि लिंकन १०२. दुसऱ्यात १८४॥ आणि १८१. तिसऱ्यात २३३ चे बहुमत हवे असताना लिंकन २३१॥ वर पोचले आणि ओहायोच्या चार प्रतिनिधींनी मत बदलले. आपण सांगितलेली मोठी कारणे मला मान्य आहेत. पण सूअर्ड नकोत असे ठरल्यावर सर्वांची दुसरी पसंती लिंकन व्हावेत, हे डेव्हिस आणि जड यांनी घडवून आणले. १८५५ मध्ये एकाला ज्या गोष्टीचा संताप आला होता ती दुसऱ्याने केली होती, आणि पाच वर्षांनी दोघे एकाच खोलीत बसून एकाच माणसासाठी मते जुळवत होते. लिंकन यांनी ५ मतांच्या उमेदवाराकडून जे शिकले तेच तेथे उलट बाजूने वापरले : आघाडीवरचा अडला की दुसऱ्या पसंतीचा वर येतो.

सार्वजनिक बांधकामांबाबत आपले म्हणणे मला पूर्ण मान्य आहे. त्या कारकिर्दीचा तो सर्वांत दुबळा भाग आहे.

उलटतपासणी

एवढ्यावर मी निम्मा पटलो असे समजा. ‘दुसऱ्या पसंतीचा उमेदवार’ हा दुवा माझ्या ध्यानात आला नव्हता. मात्र शिकागोत डेव्हिस यांनी मंत्रिपदांची आश्वासने वाटली हेही नोंदवा. मला बांधून घेणारे करार करू नका असा निरोप लिंकन यांनी पाठवला होता, तरी पेनसिल्व्हेनियाचे सायमन कॅमेरॉन पुढे युद्धमंत्री झाले, आणि त्या खात्याचा कारभार इतका ढिसाळ झाला की त्यांना वर्षाच्या आत रशियाला राजदूत म्हणून पाठवावे लागले.

चांदणवेल

त्या गव्हर्नर मॅटिसन यांचे पुढे काय झाले? तेवढे राहिले.

पैलतीर

ते सांगतो. मॅटिसन हे जोलिएटचे श्रीमंत कंत्राटदार; इलिनॉय-मिशिगन कालव्याच्या कामांतून वर आलेले. निवडून येण्यासाठी ते पैसा ओतत आहेत असा १८५५ मध्ये त्यांच्यावर संशय होता. जानेवारी १८५७ मध्ये त्यांची गव्हर्नरपदाची मुदत संपली. १८५९ मध्ये असे उघडकीस आले की कालव्याच्या कामासाठी १८३९ मध्ये काढलेल्या ज्या हुंड्यांची राज्याने रक्कम एकदा चुकती केली होती, पण ज्या रद्द केल्या नव्हत्या, त्याच हुंड्या त्यांनी पुन्हा तिजोरीत सादर करून त्यांच्या बदल्यात राज्याचे रोखे घेतले होते. रक्कम दोन लाख डॉलरहून अधिक होती. आपण त्या बाजारातून विकत घेतल्या असे त्यांचे म्हणणे होते. सँगमनच्या ग्रँड ज्युरीने (खटला भरावा की नाही हे ठरवणाऱ्या नागरिकांच्या मंडळाने) आरोपपत्राच्या बाजूने कौल देऊन नंतर तो फिरवला, त्यामुळे खटला उभा राहिला नाही. पैसे वसूल करण्यासाठी राज्याने त्यांची मालमत्ता लिलावात काढली, त्यात त्यांचा स्प्रिंगफील्डमधला वाडाही होता.

त्या उलट ट्रम्बुल अठरा वर्षे सिनेटर राहिले आणि न्यायविषयक समितीचे अध्यक्ष म्हणून गुलामगिरी संपवणाऱ्या तेराव्या घटनादुरुस्तीचा मसुदा त्यांनीच सिनेटसमोर आणला. दहाव्या फेरीत चार-पाच मते इकडची तिकडे झाली असती तर त्या खुर्चीवर मॅटिसन बसले असते.